गोणी आणि माणूस

माझी नणंद तेजस्विनी बंबावर आहे. ‘अग्निशमन दलात’ असं नीट सांगितलं की लोक विचारतात, “ऑफिसात का?” म्हणून मी आपलं बंबावर असंच सांगते. अकरा वर्षं झाली तिला.

सटाण्याची पोर. माझे सासरे, वाल्मीकअण्णा, कांद्याचे छोटे व्यापारी. तिचं लहानपण कांद्याच्या चाळीत गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कॉलेजात होती आणि भरलेली गोणी पाठीवर घेऊन टेम्पोपर्यंत न्यायची. अण्णांना त्याचं कौतुक होतं आणि चारचौघांत लाजही वाटायची. मग तिने पेपरातली जाहिरात बघून फॉर्म भरला, धावली, शिडी चढली, लागली. तेव्हापासून नाशकात आमच्याकडेच राहते, मखमलाबाद रोडला.

ड्यूटीवरून आली की ती आधी मोरीत जाते. केस दोनदा धुतले तरी जळक्या प्लॅस्टिकचा वास जात नाही. मी देवापुढे निरांजन लावत असते, तेवढ्यात ती ओल्या केसांनी येऊन भिंतीला टेकून बसते. “थकेल शे वहिनी,” एवढंच बोलते. दमली की तिची अहिराणी बाहेर येते. मी तिच्या कपाळाला अंगारा लावते आणि चहा ठेवते. काय झालं ते विचारत नाही. पुराच्या दिवसांत तर मुळीच नाही, कारण तेव्हा गोदावरीतून जिवंत माणसं कमीच निघतात.

लोकांना वाटतं नुसती आगच असते. मांजर असतं, मधमाश्या असतात, बंद पडलेली लिफ्ट असते. गंगापूर रोडच्या एका बिल्डिंगीत तिने लिफ्टमधून एका आजींना ओढून वर काढलं. आजींनी पदर सारखा केला आणि विचारलं, “तुमचे साहेब कुठायत? त्यांचे आभार मानायचेत.”

शाळा-कॉलेजचं काम मात्र सगळं तिच्याकडे. “मुलींची शाळा आहे, मॅडमला पाठवा,” असं ठरूनच गेलंय. ती जाते. सिलिंडर पेटवून ओल्या गोणपाटाने विझवून दाखवते. मुली टाळ्या वाजवतात, मुख्याध्यापक शाल-नारळ देतात. शेवटी ती विचारते, “कोणाला यायचंय या कामात?” चाळीस हात वर होतात. फळ्यावर आपला नंबर लिहून येते. त्या चाळीसांतून फोन येतो एकीचा, तोही, “मॅडम, यात बैठं काम असतं का?” असा. आमच्या कपाटात अशा सत्तावीस शाली आहेत. ‘नारीशक्ती’ लिहिलेल्या ट्रॉफ्या ती घरात आणतच नाही.

तिच्या पाळीत ती एकटीच बाई. अकरा वर्षं एकटीच. मागे एकदा ती मला म्हणाली, “वहिनी, मला कौतुक नकोय. मला दुसरी पाहिजे. पाइप धरताना मागे एक बाई पाहिजे. मी काही कायमची पळणार नाहीये.” पस्तिशी झाली आता तिची. गुडघा बोलायला लागलाय.

म्हणून मागच्या वर्षी तिने सकाळची ड्यूटी नसेल तेव्हा पंचवटीतल्या एका मैदानावर मुलींना तयार करायला घेतलं. सुरुवातीला अठरा जणी आल्या. दिवाळीपर्यंत सात उरल्या. त्यातली एक आरोही. एकवीस वर्षांची, काटक, बोलायला कमी. तिची आई सिंधुबाई मार्केट यार्डाजवळ कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते. नवरा नाही. बाईने पहिल्याच दिवशी तेजस्विनीला सांगून टाकलं होतं, “मॅडम, एक भरती. झाली तर झाली. नाहीतर नांदगावला माझ्या भावाने स्थळ बघून ठेवलंय, ते मी मोडणार नाही.”

भरतीच्या मैदानी परीक्षेत एक प्रकार असतो. पन्नास किलोचा माणसाएवढा पुतळा जमिनीवरून एकटीने उचलायचा, खांद्यावर घ्यायचा आणि ठरलेलं अंतर पळत जायचं. पुतळ्याचे पाय जमिनीला लागले की बाद. आता मैदानावर पुतळा कुठून आणायचा? सिंधुबाईंनी गोण्या दिल्या. पन्नास किलो कांदा भरला की पन्नास किलोची गोणी झाली. दोघींनी उचलून तिसरीच्या पाठीवर द्यायची, तिने वाकून पळायचं.

खरं तर माणूस असा उचलत नाहीत. त्याचं पोट आपल्या खांद्यावर घ्यावं लागतं, आपला हात त्याच्या मांडीमागून घालून त्याचं मनगट धरावं लागतं. हे तेजस्विनीला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? तिने तर खऱ्या आगीतून माणसं काढलीत. तिने एकदा मुलींना तसं उचलायला लावलंही होतं. तेव्हा मैदानावर फिरायला आलेल्या कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी एकीच्या वडिलांचा फोन आला, “हे काय चाललंय? पोरी एकमेकींच्या अंगावर?” दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी बंद झाली, सहा राहिल्या. तेजस्विनीने मग गोण्याच ठेवल्या. मला म्हणाली, “गोणी उचलली तर कोण काय बोलणार? इथल्या बायका जन्मभर तेच करतायत. ताकद झाली की झालं. पकड मी शेवटच्या आठवड्यात शिकवते.”

शेवटच्या आठवड्यात तिला सलग ड्यूट्या लागल्या. एका भंगाराच्या गोदामाची आग तीन दिवस धुमसत होती. पकड तिने फोनवर तोंडी सांगितली.

भरती दुसऱ्या शहरात होती. तेजस्विनी रजा टाकून गेली आणि पालकांबरोबर कुंपणाबाहेर उभी राहिली. आरोही धावण्यात तिसरी आली. दोरावर चढली, शिडी चढली. मग पुतळ्याची पाळी आली. शिट्टी वाजल्याबरोबर ती पुतळ्याकडे पाठ करून बसली, त्याचे दोन्ही हात मागून ओढून घेतले आणि गोणीसारखा पाठीवर टाकून कमरेत वाकून निघाली. पाय मागे घासत होते. दहा पावलांवर शिट्टी झाली. दुसरी संधी मिळाली. तेव्हाही तिने तेच केलं. कुंपणापलीकडून तेजस्विनी ओरडत होती म्हणे, “खांद्यावर, आरोही, खांद्यावर.” पण आईबरोबर खळ्यावर गोण्या वाहायची लहानपणापासूनची सवय होती, आणि वर आम्हीच ती पक्की केली होती. अंगाने ऐकलं नाही.

परत आल्यावर तेजस्विनी चार दिवस नीट जेवली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “सिंधुबाईंकडे जाते.”

“काय सांगणार?”

“चूक माझी आहे ते.”

मी बरोबर गेले. एकटी गेली असती तर बाहेरूनच माफी मागून परत आली असती.

दुपारची वेळ होती. खळ्यावर दहाबारा बायका डबे सोडून बसल्या होत्या. आरोही आईशेजारी बसून निवडत होती, तिने मान वर केली नाही. तेजस्विनी उभ्याउभ्याच बोलली. “सिंधुबाई, पोरगी कमी पडली नाही. मी चुकीचं शिकवलं. लोक बोलतील म्हणून गोणीवर भागवलं.”

सिंधुबाईंनी हातातला कांदा दोनदा फिरवून बघितला. “मॅडम, चूक तुमची आणि वर्ष माझ्या पोरीचं. हे बरंय.”

“हो.”

“लोकं बोलतील म्हणून घाबरलात? आगीला नाय घाबरत तुम्ही.”

खरंच होतं ते.

भागीबाई म्हणून एक म्हातारी कोपऱ्यात तंबाखू मळत होती. ती म्हणाली, “आगं पण माणूस आन् गोणी, उचलायला फरक तो काय? वजन ते वजन.”

“गोणी गप राहते, मावशी,” तेजस्विनी म्हणाली. “माणूस लोंबतो.”

“मग दाखवा की. का नुसतं बोलायलाच आलाय?” सिंधुबाई म्हणाल्या. “आरोही, ऊठ. पण उचलायचं कुणाला? मला हात नको लावू, माझं मणक्याचं दुखणं हाय.”

“मला,” तेजस्विनी म्हणाली.

“तुम्ही साठ किलोच्या पुढं असाल.”

“बासष्ट.”

“लय झालं,” भागीबाई म्हणाली, “ती भाजीभाकरीवर वाढलेली हाय.”

तेजस्विनी तिथेच कांद्याच्या टरफलांवर उताणी पडली आणि अंग सैल सोडलं. खळ्यावरचे दोन हमाल गोण्या ठेवून बघायला उभे राहिले. माझा चेहरा तापला, मी खाली बघायला लागले. मग वाटलं, हिने असं पडायचं आणि आपण मान खाली घालायची, हे काही बरोबर नाही. म्हणून वर बघितलं.

आरोही लाजत पुढे आली. पहिल्यांदा उचललं तेव्हा दोघी ढिगावर कोसळल्या आणि बायका हसल्या. दुसऱ्यांदा तोल गेला. तेजस्विनी पडल्या पडल्या सांगत होती, “गुडघा माझ्या पायांमध्ये घे. लाजू नकोस. आता हात मांडीमागून. लाजू नकोस म्हटलं ना. मेलेय मी, असं समज.” तिसऱ्यांदा आरोहीने तिला खांद्यावर घेतलं. सात-आठ पावलं चालली. कोणी हसलं नाही. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, “पोरगी दमदार हाय राव.”

सिंधुबाई उठल्या, पदराने हात पुसले. “भावाला मी फोन करते. वर्षभर थांब म्हणते. मुलाकडच्यांनी दुसरीकडे जमवलं तर मग तुम्ही मला तोंड दाखवू नका, मॅडम.”

“बरं,” तेजस्विनी म्हणाली.

येताना ती रिक्षात डोळे मिटून बसली होती. आनंदाचं काही नव्हतं तिच्या तोंडावर. मनातल्या मनात मी रामरक्षा म्हणत होते. कोणासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही, आरोहीसाठी असेल, त्या नांदगावच्या मुलासाठीही असेल, की त्याला दुसरी चांगली मिळो.

आता मैदानावर गोण्या बंद झाल्यात. माणूसच उचलायचा, सगळ्यांसमोर. त्यामुळे उरलेल्या सहांपैकी तिघींना घरच्यांनी बंद केलं. ज्या तिघी येतात त्या एकमेकींना उचलायला अजून कचरतात, म्हणून दर वेळी हीच आडवी पडते. बरगड्यांवर काळेनिळे डाग आहेत. मी तेल गरम करून लावते आणि बोलते, कारण बोलल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. “स्टेशनातून पुतळा मागून का नाही आणत?”

“अर्ज दिलाय. पुतळा एकच आहे, म्हणतात. बाहेर देता येत नाही.”

भरती पुढच्या वर्षी निघेल की नाही, तेही कोणाला माहीत नाही. सिंहस्थ जवळ आलाय, माणसं लागतील, निघेल, असं हे म्हणतात. हे म्हणजे महेश, तिचा भाऊ. त्यांचं काय, ते पेपर वाचून बोलतात.

काल ती मैदानावरून आली. मी पोळ्या लाटत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली, पाणी प्यायली.

“आज आरोहीने मला तीस पावलं नेलं,” ती म्हणाली.

“मग टाकलं?”

“नाही. मानेखाली हात धरला आणि सावकाश खाली ठेवलं.” पेला विसळता विसळता म्हणाली, “मी सांगितलं नव्हतं तिला, मान धरायला.”

मी पोळी उलटली. तिला दुपारच्या पाळीला जायचं होतं, म्हणून आधी तिचं ताट वाढलं.