अक्काची पिवळी खूण

दाजींचा फोन आला तेव्हा मी बिलोलीला बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. "तुमची अक्का गेली…" एवढंच ते बोलू शकले. बाळंतपणात रक्त फार गेलं, अंगात आधीच कमी होतं. नांदेडच्या दवाखान्यात रक्त चढवेपर्यंत सगळं संपलं. बाळ तेवढं वाचलं.

अक्का म्हणजे माझी मावसबहीण, मुखेडजवळच्या खेड्यात दिलेली. गरोदर बायांना वाटलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या त्या खरंच खातात का, हे तपासणं माझी नोकरी; त्यासाठी मी त्यांची लघवी गोळा करते. गोळीत एक जीवनसत्त्व असतं; ती पोटात गेली की काही तासांत लघवी पिवळीजर्द होते आणि खास दिव्याखाली चमकते. हे ऐकून अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटली होती. "मावशीनं तुला येवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी व्हय गं?"

नियम असा, की न कळवता जायचं. पहिल्यांदा तशी गेले तर बाईसाहेब रुसल्या. "बहिनीच्या घरी कुनी असं येतंय का? धपाट्याचं पीठ तरी भिजवलं असतं." तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी फोन करू लागले. धपाटे तयार असायचे, आणि तिची बाटली सगळ्यांत जास्त चमकायची. घागर उचलताना तिला धाप लागायची, ओठ पांढरे दिसायचे. मी विचारलंही. "ऊन लई हाय गं," म्हणाली. आणि मी, शहाणी, दिव्यावर विश्वास ठेवून बस पकडायची.

तेराव्यानंतर पुन्हा गेले. तिची थोरली मुलगी, बारा वर्षांची, भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "मावशी, मला काई रोग तर न्हाई ना? माझी लघवी हळदीवानी पिवळी व्हायची. आई म्हनायची, मावशीला सांगू नको."

"आता?"

"आता न्हाई व्हत. आई गोळी द्यायची, ती बंद झाली न्हवं."

ही पोर मागं शाळेत चक्कर येऊन पडली होती, हे मला ठाऊक होतं. "आणि आई? ती खायचीच नाही?"

"खायची की. तुझा फोन आला की."

रोज खाल्ल्या असत्या तर अक्का वाचली असती का, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मी तर त्यांना विचारून विचारून थकले. मला स्वतःचा राग येतो, तिचाही येतो, आणि कुणावरच काढता येत नाही. उद्या पोरीला रक्त तपासायला नेणार आहे.

त्या दिवशी जेवणं झाली. पोरीनं ताट बाजूला सारलं आणि सवयीनं हात पुढं केला, तळवा वर. मग तिच्या लक्षात आलं. माझ्या पिशवीत अक्काच्या नावचं गोळ्यांचं उरलेलं पाकीट होतं, ऑफिसात परत करायचं. मी नुसता तिचा हात धरून बसले.