तोंड दाखवा

आमच्याकडे चेहऱ्याला कोणी चेहरा म्हणत नाही. तोंड म्हणतात. सकाळी उठून तोंड धुवायचं, सुनेचं तोंड पाहायला बायका यायच्या, दिवस वाईट गेला की 'आज कोणाचं तोंड पाहून उठलो' म्हणायचं. आणि भाकर जाते तेही तोंडच. कुठलं तोंड कधी, यात आमच्या अनसिंग गावात कोणाचा घोटाळा झालेला मी ऐकला नाही. घोटाळा झाला तो माझ्या वडिलांच्या एका वाक्यात, आणि तो मला निस्तरता आला नाही.

वडील गवंडी होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नर्सिंगची पदवी घेतली, पुढचंही शिकले, आता वाशिमला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. हे मी मान वर करून सांगते. त्यासाठी वडिलांनी उन्हात किती भिंती उभ्या केल्या ते मी पाहिलं आहे.

आमच्या कॉलेजला एका परदेशी विद्यापीठाबरोबर नर्सिंगचे ऑनलाइन पाठ तयार करायचं काम मिळालं. आखणी दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळून करायची, चित्रीकरण इथे, जोडणी तिकडे. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाची घरी निगा कशी राखायची, हा पाठ माझ्याकडे आला. त्यांनी नमुना म्हणून पाठवलेल्या व्हिडिओत रबरी पुतळा होता. त्याचं तोंड चांगलं आ वासून उघडायचं. मी मीटिंगमध्ये सरळ म्हटलं, "आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन पेशंटचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. या पुतळ्यावर शिकलेली मुलगी आमच्या घरांत जाऊन काय करणार?"

तिकडच्या प्राध्यापक बाईंनी पुतळ्याचा व्हिडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "तर मग खरा माणूस दाखवू या."

खरा माणूस माझ्या घरातच होता. वडिलांच्या गालात आतून जखम झाली होती. अकोल्याला उपचार चालू होते. गाल सुजला, वास यायला लागला, तेव्हापासून त्यांनी नाकापासून खाली दुपट्टा बांधायला सुरुवात केली. ओट्यावर बसणं सोडलं. सोबतचे मिस्त्री भेटायला आले की झोपल्याचं सोंग घ्यायचे. त्यांना विचारताना माझीच जीभ अडखळली.

"बाबा, तुमचा व्हिडिओ काढू का? जखम कशी धुवाची थे पोरीईले शिकवाचं हाये."

"कोन पाह्यतीन?"

"आपल्या कॉलेजच्या पोरी. अन् फॉरेनच्या बी."

ते आईकडे वळले. "ऐकलं काय वो? तू म्हने तुमच्या तोंडाकडे कोनी पाह्यत नाई. आता इमानातून लोकं येऊन राह्यले पाह्याले."

"येऊ द्या," आई चुलीपाशी बसून म्हणाली. "त्याईच्या भाकरी बी मीच टाकतो."

वडील हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि गाल ताणला म्हणून लगेच हात लावून बसले.

चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी दाढी करून घेतली, पांढरा शर्ट घातला, आणि कॅमेरा लावणाऱ्या पोरासमोर स्वतःच्या हाताने दुपट्टा सोडला. मी मीठ-सोड्याचं कोमट पाणी घेतलं, बोटाला गॉज गुंडाळला आणि जखम धुवायला लागले. मधेच मला थांबवून ते कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाले, "पोरीहो, हे हळू धुते. तुमी बी हळूच धुजा." हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण पाठात सगळ्यात चांगलं तेच झालं.

शेवटी नियमाप्रमाणे त्यांची संमती कॅमेऱ्यासमोर घ्यायची होती. मी विचारलं, "हा व्हिडिओ दाखवला तर चालेल का? काय काय दाखवू?"

ते ताठ बसले. "माह्यं तोंड दाखवा. कोनाले बी दाखवा. मी काई पाप नाई केलं."

पुढे ते रोज विचारायचे, "आला काय माहा पाठ?" ओट्यावरही बसायला लागले. दुपट्टा असायचा, पण बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला हातवारे करून सांगायचे की आपण आता मास्तर झालो.

पाठ आला तेव्हा मी तो आधी एकटीने पाहायला हवा होता की काय, कोण जाणे. तेवढा धीर त्यांनाही नव्हता आणि मलाही. मोबाइल त्यांच्या हातात दिला. पडद्यावर जखम स्पष्ट दिसत होती, माझं बोट, गॉज, ओठ. ओठांच्या वर मात्र सगळं धुरकट केलेलं. डोळे नाहीत, कपाळ नाही.

"हे कोन व्हय?"

"तुमीच, बाबा."

त्यांनी मोबाइल जवळ नेला, लांब नेला. "टीव्हीवर पोलिसाईनं धरलेल्या मान्साले असंच दाखवतात. मी का चोरी केली काय?"

मी त्याच दुपारी प्राध्यापक बाईंना व्हिडिओ कॉलवर गाठलं. त्यांनी संमतीचं भाषांतर उघडून वाचून दाखवलं. तिथे वडिलांच्या तोंडाचं इंग्रजीत 'माउथ' झालं होतं. शहरातल्या कोणा भाषांतरकाराने केलेलं. आजार तोंडाचा, पाठ तोंडाचा, त्याने दुसरं काय समजावं? तिकडच्या नैतिकता समितीने त्यावरून ठरवलं की या माणसाने फक्त ओठ आणि जखम दाखवायला परवानगी दिली आहे, बाकीचा चेहरा झाकावा.

मी बाईंना आमचं तोंड समजावून सांगितलं. त्यांना पटलं. त्या म्हणाल्या, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण समितीला त्यांच्याकडून स्पष्ट शब्दात पुन्हा हवं."

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "चेहरा म्हंजे तोंडच ना?"

"हो, पन आता चेहरा म्हनाचं."

"म्हनीन. दहा खेपा म्हनीन."

पण चित्रीकरण करणारा पोरगा दुसऱ्या कामावर गेलेला, आणि मोबाइलवर काढलेलं समितीला चालेल का याचं उत्तर यायचं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी नागपूरला नाव घातलं होतं; तेवढ्यात तिथून ऑपरेशनची तारीख आली. ती कोणी सोडतं का? आजार जिभेपर्यंत पोचला होता, ऑपरेशनमध्ये तिचा मोठा भाग गेला. वडिलांचं बोलणं गेलं. मी पुन्हा विनवणी केली, तेव्हा समितीने उत्तर दिलं की प्रश्नात चेहरा हा शब्द असेल आणि त्यांनी मान हलवली तरी पुरे, मोबाइलवर काढलं तरी चालेल. वॉर्डात चित्रीकरणाला मनाई होती. घरी गेलो की करू, असं मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली. अगदी नीट हलवली. ती फक्त मी पाहिली.

मग फुफ्फुसात जंतुसंसर्ग उतरला. घरी आणलं ते शववाहिकेतून.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचे सोबती मिस्त्री आले. एकजण मला म्हणाला, "बाई, तो फॉरेनचा व्हिडिओ लाव ना. लय सांगे तो." मी म्हटलं, इथे नेटवर्क नाही. ओट्यावर चार काड्या नेटवर्क होतं.

काही दिवसांनी मी प्राध्यापक बाईंना विचारलं, घरच्यांची संमती चालेल का? आई देईल, मी देईन. बाई रडल्या. रडतच म्हणाल्या, "त्यांचा चेहरा त्यांचा होता. तो देण्याचा हक्क तुम्हालाही नाही." मी स्वतः मुलींना हेच शिकवते.

पाठ आता दोन्हीकडे चालतो. तिकडच्या मुलींना तो उपयोगी पडतो असं बाई कळवतात. इथे तो मीच लावते. रुग्णाची ओळख सांगायची नाही, या अटीखाली माझी सही आहे.

यंदा रिठद गावाकडची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, याईले दुखून राह्यलं का नाई, हे कसं समजाचं? डोळे तर झाकले."

गॉज आतल्या गालाला लागला तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. मग उघडून माझ्याकडे पाहिलं होतं, चालू ठेव म्हणून.

"दुखत होतं," मी म्हटलं.

"तुमाले कसं समजलं?"

वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "पेशंटच्या डोळ्यांकडे पाहूनच हात चालवायचा. लिहून घ्या." आणि फळ्याकडे वळले, कारण तेवढा वेळ मला मुलींना तोंड दाखवता येणार नव्हतं.