पिकप नाही, पण चालशे

माझ्या गाडीला पिकप राहिला नाही, हे मला पहिल्यांदा मसोलीच्या मेकॅनिकने सांगितलं. बॉनेटमधून डोकं बाहेर काढून म्हणाला, "बेन, पिकप गयो. पण चालशे." आमच्याकडे अशी गुजराती-मराठीची मिसळ सगळ्यांच्याच तोंडात असते. 'चालशे' म्हणजे गाडी चालेल, आणि तुमचं भागेलही. मी तेवढंच कानात ठेवून घरी आले.

मुलाने मात्र पिकपच धरून ठेवला. मुंबईहून नवी कोरी ऑटोमॅटिक घेऊन आला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, "आई, तुझा डबा आता भंगारात दे. कुठे जायचं असलं तर मी ड्रायव्हर लावून देतो."

ड्रायव्हर! म्हणजे बाजाराला कधी निघायचं, बहिणीकडे किती वेळ बसायचं, सगळं दुसऱ्याच्या सोयीनं. ही गाडी मी माझ्या पगारातून घेतली. चालवायला शिकत होते तेव्हा गल्लीतली माणसं ओट्यावर बसून गंमत बघायची. तेव्हा कुणाला भ्यायले नाही, आता पोटच्या पोराला भिऊ?

"वेवजीला मावशीकडे जाऊ," तो म्हणाला. "तू तुझ्या गाडीने, मी माझ्या. मागे पडलीस तर किल्ली माझी."

"चल," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, त्याची गाडी झकास आहे. आवाज नाही, धक्का नाही. मी क्लच सोडेपर्यंत तो वळणापलीकडे दिसेनासा झाला. पुलाच्या चढावर माझी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायला लागली. दुसरा टाकला, तर मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. "जा की बाबा पुढे, कुणी अडवलंय?" मी खिडकीतून ओरडले. बोर्डीला थांबून चिकू घेतले, तेही निवडून निवडून. शर्यत आहे म्हणून काय बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं?

पोचले तेव्हा स्वारी चहा पिऊन ओटीवर पाय पसरून बसली होती.

"हरलीस ना? अगं, पिकपच नाही त्या डब्याला. आण किल्ली." त्याने हात पुढे केला.

"हरले. साफ हरले," मी म्हटलं आणि त्या हातावर चिकूची पिशवी ठेवली. "ही आत नेऊन दे."

"आणि किल्ली?"

"किल्ली कशाला? तू लवकर आलास, मी उशिरा आले. पण आले ना? माझी मी आले."

"पण पैज..."

"पैज तू लावलीस. मी नुसतं 'चल' म्हटलं होतं."

बहीण पदर तोंडाला लावून हसत सुटली. तो फुगला आणि पिशवी घेऊन आत गेला.

परतताना मी आधी गाडी काढली. पुलाच्या चढावर पुन्हा दुसरा टाकला आणि आरशात बघितलं. एवढी पिकपवाली गाडी, माझ्या मागून रांगत येत होती. वाजव म्हटलं हॉर्न, वाजवच!

काय टाप होती त्याची.