मावशीचं दूध की डब्याचं

बायको गेली तेव्हा चष्मेवाला बत्तीस वर्षांचा होता आणि मुलगी दोन दिवसांची. बाळंतपण सुरळीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त जायला लागलं ते थांबेना, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला आतल्या खोलीत बोलावून बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच कळलं, असं तो पुढे केव्हातरी मला म्हणाला.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. मधली भिंत पातळ, त्यामुळे काचा घासायच्या चाकाची घरघर मला दिवसभर ऐकू येते. बायको गेल्यावर पाचव्या दिवशी घरघर पुन्हा सुरू झाली. मी डोकावलो. तो मान खाली घालून एका भिंगाची कड घासत होता. "लोकांचे चष्मे अडकलेत," एवढंच म्हणाला. रडून डोळे सुजलेत म्हणावं तर तसंही नाही. गल्लीत बोलणारे बोललेच, की माणूस दगड आहे. मला तसं वाटलं नाही. दात काढताना इंजेक्शन दिलेला जबडा असतो ना, आपलाच असून आपला नसलेला, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता.

घरात तो आणि त्याचे वडील. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, आता एक कान गेलेला, पण जिभेला गंज नाही. बाळाचं नाव ठेवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. ती एवढीशी होती म्हणून अण्णांनी तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली, तेच चिकटलं.

आई गेल्यावर पहिला दीड दिवस मुंगीला दवाखान्यातच वाटी-चमच्यानं पावडरचं दूध पाजलं. मग धाकटी मेहुणी आली, कडेवर आपला पाच महिन्यांचा मुलगा घेऊन. बहिणीला शेवटचं पाहिलं आणि कोणाला काही न विचारता तिनं मुंगीला छातीशी घेतलं. कितीतरी वेळानं पोर शांत झोपली.

मेहुणी तीन आठवडे राहिली. दर दोन-तीन तासांनी आतल्या खोलीचं दार लागायचं आणि चष्मेवाला बाहेर स्टुलावर बसायचा. दार उघडलं की उठायचा. आत काय चाललंय याच्याशी आपला काही संबंध आहे असं त्याला वाटायचं नाही. आपण दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी वाट बघत बसलोय, असं वाटायचं. मेहुणीचा मुलगा अण्णांच्या मांडीवर किरकिरत असायचा. अण्णा त्याला समजवायचे, "पाहुणीला आधी वाढायचं असतं रे बाबा, तू घरचा."

महिना भरत आला तेव्हा दोन्ही बाळांना दवाखान्यात वजनाला नेलं. मुंगीचं वजन छान वाढलं होतं. मुलाचं महिनाभरापूर्वी होतं तिथंच. तिथल्या सिस्टरनं मेहुणीला विचारलं, पोटभर जेवतेस का, झोपतेस का. मेहुणी हो म्हणाली. चष्मेवाला मागे उभा होता, काट्यावरचा आकडा त्यानं पाहिला. दिवसभर बारीक आकड्यांतच काम करणारा माणूस, त्याच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

मेहुणीची रजा संपत आली होती. तिकडे साडू एकटा, वरून तिची नोकरी. जायच्या दोन दिवस आधी तिनं विषय काढला. मुंगीला ती घेऊन जाणार. शेजारीच तिची सासू राहते, दिवसा ती दोघांना बघेल, सकाळ-संध्याकाळ ही अंगावर पाजेल. वर्षभरानं परत आणून सोडेल. चष्मेवाल्याची सासूही आली होती. ती म्हणाली, "जावईबापू, आईचं दूध तर गेलंच. मावशीचं मिळतंय ते कशाला घालवता? डब्यावर का पोरं वाढतात?" तो म्हणाला, बघू.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो एकटाच त्या सिस्टरकडे गेला. तिनं त्याला अर्धा तास दिला. अंगावरचं दूध मिळत असेल तर चांगलंच, म्हणाली, दुखणी कमी येतात. पण डब्याच्या दुधावरही मुलं चांगली वाढतात. पाणी उकळलेलं हवं, बाटली स्वच्छ हवी, माप काटेकोर हवं, आणि उरलेलं दूध पुन्हा पाजायचं नाही. मग तिनं विचारलं, घरात कोण करणार हे. त्यानं सांगितलं, मी. ते ऐकून सिस्टरइतकाच तोही चकित झाला, कारण तोवर त्याचं काहीच ठरलेलं नव्हतं.

संध्याकाळी तो माझ्या दुकानात येऊन बसला. तेव्हा जे बोलला ते मला जसंच्या तसं आठवतं.

"ती मुंगीला नेते म्हणाली, तेव्हा मी आत चाचपून पाहिलं," तो म्हणाला. "नको वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. नेली तरी चालेल, राहिली तरी चालेल."

"मग?" मी म्हणालो.

"मग आत्ता गेली तर ती गेलीच. वर्षानं परत येईल तेव्हाही मला काही वाटणार नाही. म्हणून ठेवून घेतो."

मला ते फारसं पटलं नाही. मावशीचं दूध सोडून डबा, तोही असल्या उलट्या कारणासाठी.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा सासू संतापली. पोरीच्या तोंडचा घास काढतोस, म्हणाली. जावईबापूचं 'अहो' तिथंच संपलं, ते पुढे वर्षभर परत आलं नाही. मेहुणी मात्र शांत होती. तिनं विचारलं, "भावजी, माझ्या बाळाचं वजन बघून म्हणताय का?"

"तेही आहे," तो म्हणाला.

"दुसरं काय?"

"दुसरं मला सांगता येत नाही."

ती आणखी दोन दिवस थांबली. मुंगी बाटली तोंडात घेईना, जिभेनं ढकलून द्यायची. मेहुणी जवळ असली की नुसत्या वासानं तिच्याकडे वळायची. शेवटी सिस्टरच्या सल्ल्यानं मेहुणी शेजारी माझ्या घरी येऊन बसली. माझ्या बायकोनं तिला जेवायला वाढलं, तिनं ताटाला हात लावला नाही. भिंतीपलीकडून पोरीचं रडणं येत होतं आणि इकडे तिच्या झग्यावर ओले डाग पसरत होते. चार तासांनी रडणं थांबलं. ती दचकून उठली. मी जाऊन पाहिलं. चष्मेवाला जमिनीवर पाय पसरून बसला होता, मुंगी त्याच्या हातावर, आणि बाटलीत बुडबुडे उठत होते. "तीस," अण्णा बोट दाखवून म्हणाले. "तीस मिली गेलं."

दुसऱ्या सकाळी मेहुणी बसनं गेली. दुपारी वाटेतून तिचा फोन आला. मुंगीनं किती घेतलं विचारलं, त्यानं आकडा सांगितला. मग ती म्हणाली, "मला अजून दोघांचं येतंय, भावजी."

पुढचे महिने मी रोज बघत होतो. पाणी उकळायचं, बाटलीत मापानं ओतायचं, सपाट चमचे मोजून टाकायचे, हलवून नळाखाली निववायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. तो हे चष्मा बनवल्यासारखं करायचा, चूक नाही आणि माया नाही. दुपारी दोनला अण्णा मुंगीला दुकानात आणायचे आणि तो गिऱ्हाईक थांबवून पाजायचा. एकदा तिला जुलाब झाले, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. सासू फोनवर म्हणाली, मी सांगत नव्हते? तो हो म्हणाला. मुंगी बरी झाली. वजन ठीक वाढलं. तो मात्र तसाच होता.

मुंगी सात महिन्यांची असताना मेहुणी चार दिवसांसाठी आली. मुलगा आता गुटगुटीत, रांगत घर पालथं घालणारा. तिनं चष्मेवाल्याला सांगितलं, आजचा दिवस मी बघते हिला, तुम्ही निवांत काम करा. त्यानं मान हलवली आणि दुकान उघडलं. दोन वाजता भिंतीपलीकडची घरघर थांबली, ती सुरूच होईना. मी बाहेर आलो. त्यानं शटर अर्धं ओढलं होतं आणि हातात कोणाच्या तरी चष्म्याची दांडी तशीच धरून तो घराकडे निघाला होता.

काय झालं ते मेहुणीनं नंतर माझ्या बायकोला सांगितलं. तो दारात उभा राहिला. मुंगी दूध पिऊन झोपली होती.

"काही हवं होतं का?" मेहुणीनं विचारलं.

"नाही. उगाच आलो," तो म्हणाला. "किती घेतलं?"

"सगळं."

"सगळं?"

"हो."

तरी तो जाईना. तिनं त्याला बसायला सांगितलं. तो बसला, मुंगीच्या पायाशी, आणि तिची पावलं उघडी होती ती त्यानं पांघरुणानं झाकली. मग पुन्हा एकदा विचारलं, नीट निववलं होतंस ना. निववलं होतं, ती म्हणाली, मनगटावर बघितलं होतं. तेव्हा कुठे तो उठला.