आडव्या बाटलीचं गणित

हर्षिता छाजेड मला पहिल्यांदा भेटली ती जळगावातल्या एका लग्नाच्या पंगतीत, आणि वरणबट्टीचा दुसरा घास तोंडात जायच्या आत तिने मला ठार मारलं. वय विचारलं, तंबाखू किती वर्षं खाता ते विचारलं, आणि बट्टी कुस्करत म्हणाली, "काका, साठीच्या आसपास जाल. पण पुडीचा भाव दुप्पट झाला, तर नातवंडं बघाल." माझ्या उजवीकडच्या गृहस्थांना तिने तसंच संपवलं. वाढपी मठ्ठा घेऊन आला तेव्हा आमची अख्खी रांग गेलेली होती. नवरदेवाची आजी तेवढी शिल्लक होती.

हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. एका संशोधन संस्थेसाठी तिने लॅपटॉपात एक तालुका वसवला होता. त्यात हजारो खोटी माणसं, कोणी बिडीवाला, कोणी देशी पिणारा, कोणी दोन्ही. कर वाढवायचा, दुकान बंद करायचं, आणि पुढच्या वीस वर्षांत किती माणसं जगतात ते बघायचं. सरकारला यावरून धोरण ठरवता येतं म्हणे. घरात कांदासुद्धा चालत नसलेली ही पोर दिवसभर दारुड्यांत रमायची.

पारोळ्याजवळच्या एका गावात प्रमिलाबाईंनी देशीचं दुकान बंद करायला बायका जमवल्या होत्या. मतदान ठरलं. उभ्या किंवा आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली, की दुकानाला टाळं. प्रमिलाबाईंचा पोरगा नवल रोज प्यायचा. हर्षिताने त्यांच्यासाठी मांडलेल्या हिशेबात दुकान गेलं की पिणं घटत होतं, माणसं वाचत होती. तेच सांगत प्रमिलाबाई दारोदार फिरल्या होत्या.

मतदानाच्या आदल्या दुपारी मी हर्षिताला माझ्या गाडीतून तिथे नेलं. फाट्यावर नवल घ्यायला आला होता. हर्षिताने सहज विचारलं, "दुकान बंद झालं, तर हायवेवरून बाटली आणून घरीच पिशील ना?"

नवल हसला. "घरमा? आबासमोर? मी काय येडा शे?"

"मग?"

"तठेच पिसू. मंग गाडीवर घर."

हर्षिताचा चेहरा उतरला. तिच्या तालुक्यातली सगळी माणसं बाटली घरी आणून पीत होती. पण आमच्या खान्देशात बाप ओट्यावर बसला असताना पोरगा घरात पीत नाही. बापाला सगळं ठाऊक असतं. समोर मात्र नाही. तिने माझ्या गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला आणि त्या माणसांना मोटारसायकली दिल्या. दारूने मरणारे कमीच राहिले. रस्त्यावर मरणारे वाढले, आणि ते सगळे नवलच्या वयाचे.

"उद्या मतदान आहे," मी म्हणालो. "आता राहू दे."

"हिशेब माझा आहे, काका."

प्रमिलाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. हर्षिताने सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"तुना मशीनमा मना नवल शे का?"

"त्याच्यासारखे आहेत, अक्का."

"मरस का तो?"

"सगळे नाही. काही."

जगातल्या यच्चयावत विषयांवर मत असलेला मी सुपातली तूर बघत बसलो.

"आते बी तो मरीच ऱ्हायना. हळूहळू," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तू बठ्ठ्या बायास्ना समोर सांग. मी सांगसू तं म्हनतीन, प्रमिला भ्याई गयी."

संध्याकाळी मारुतीच्या पाराजवळ बायका जमल्या. हर्षिताने मोटारसायकली सांगितल्या, हायवेवरचं दुकानही बंद करायला हवं, रस्त्यावर तपासणी हवी, तेही सांगितलं. एक म्हातारी कंटाळून म्हणाली, "बाटली उभी का आडवी, तितलंच सांग ताई."

"आडवीच. एकूण जास्तच वाचतात. पण—"

त्या 'पण'वर अर्धा पार उठून कुजबुजायला लागला. ज्यांना पोरगे होते, त्या आधी उठल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोजणी चालली तोवर प्रमिलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हर्षिता शेजारी होती. मी दोन पुड्या संपवल्या आणि तिने मला एका शब्दानेही मारलं नाही.

आडवी बाटली निम्म्यापर्यंत पोचली नाही. महिन्याभरात प्रमिलाबाईंनी नवलला सुरतेला मामाकडे धाडलं. तिथे दारूबंदी आहे. तो तिथेही पितो.