शाडूकाकूंचे 'हे'

शाडूकाकू मातीशी भांडत. धायरीतल्या आमच्या शिल्पकलेच्या वर्गात बाकीचे मुकाट्याने काम करत. काकू मात्र समोरच्या गोळ्याला दरडावत, "अहो, जरा सरळ बसा." तो गोळा म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. सत्तरीला टेकलेल्या काकू फक्त त्यांचा अर्धपुतळा करायला वर्गात आल्या होत्या. शाडू हातापेक्षा केसांतच जास्त, म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव.

लाकूड आणि तारेचा सांगाडा आधी भक्कम बांधा, असं सरांनी बजावलं होतं. काकूंना कुठला धीर! एका शनिवारी मातीच्या वजनाने पुतळ्याची मान पार छातीवर आली. आम्ही हळहळलो. काकू म्हणाल्या, "त्यात काय, माझ्यासमोर ते असेच बसायचे." तरी सगळी माती उतरवून त्यांनी सांगाडा नव्याने बांधला.

चेहरा जमला, चष्म्याने नाकावर पडलेल्या खुणेसकट. सर म्हणाले, "आता याच्यावर प्लास्टरचा साचा घेऊ. मग आतली माती खरवडून टाकायची आणि त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं."

"टाकायची म्हणजे?" काकूंनी विचारलं, आणि पुतळ्यावर ओलं फडकं घातलं. "पुढच्या आठवड्यात बघू."

असे कितीतरी आठवडे गेले. माती तडकू नये म्हणून त्या रोज येऊन फडकं भिजवत. आम्ही चिडवायचो, "काकू, काकांना सर्दी होईल हं!"

"तुम्ही आपापली नाकं बघा. अजून एकाचंही जागेवर नाही."

उन्हाळा लागला तशी माती भेगाळू लागली. सर हळूच म्हणाले, "काकू, आता नाही टिकायची." काकूंनी पुतळ्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "खरवडायची तर मीच खरवडीन." साचा घेतल्यावर दुपारभर त्या आतली माती काढत होत्या. त्या दिवशी मात्र भांडल्या नाहीत.

प्लास्टर भरून सुकल्यावर वरचा साचा छिन्नीने फोडताना पुतळ्याचा डावा कान उडाला. सरांचा चेहरा उतरला. काकूंनी निरखून पाहिलं. "असू द्या. त्या कानाने त्यांनी माझं कधी ऐकलंच नाही."

पुढे काकू कायमच्या लेकीकडे नागपूरला निघाल्या. आम्ही पुतळा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. काकूंनी त्याला पट्टा बांधला, शेजारी बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या,

"जरा हळू घ्या हो. यांना गाडी लागते."