क्लचवरचा पाय

देव माणसाशी बोलतो का, याची मला आजही खात्री देता येत नाही. देवळात हात जोडताना समोर कुणी ऐकत असेल, असं तेव्हा कधी मनापासून वाटलं नव्हतं. पण थोरल्या बहिणीला, अक्काला, जीपमधून बारामतीला नेलं ती दुपार आठवली की शंका गप्प बसते. जे घडलं तेवढंच सांगतो.

नव्वदच्या दशकातला वैशाख होता. इंदापूरजवळच्या आमच्या वस्तीवरून मी लोणी देवकरच्या कारखान्यांत माणसं नेणारी जीप चालवायचो. उसाला पाणी देताना अक्काला साप चावला. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "लस बारामतीलाच मिळेल. लगेच निघा, आणि झोपू देऊ नका." सोबतीला कुणीच नव्हतं. तिला मागच्या बाकावर आडवं केलं आणि निघालो.

भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही अंगांच्या उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं. अक्काचं बोलणं जड होत गेलं, मग थांबलंच. तशात एका चढाला जीप ओढेना. इंजिन नुसतं ओरडत होतं, वेग मात्र पडत होता, आणि खालून जळका वास येऊ लागला. क्लच घसरतोय, हे उघड होतं. बाजूला घेऊन हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकून क्लच सोडला. क्लच धड असता तर इंजिन झटका देऊन बंद पडलं असतं. ते तसंच चालू राहिलं. पेडल हातानं दाबून पाहिलं, तर त्याला हवी तेवढी मोकळी चाल होती. म्हणजे पेडलचा दोष नाही, आतली प्लेटच गेली, असं मी धरलं. त्याला रस्त्यात इलाज नसतो. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

तेवढ्यात मागून स्पष्ट आवाज आला. "व्हय आबा, न्हाय झोपत."

वळून पाहिलं. अक्काच्या पापण्या मिटल्या होत्या, पण तोंड बाकाच्या रिकाम्या टोकाकडं होतं.

"कुणाशी बोलतीस, अक्का?"

"आबा बसल्यात न्हवं हितं. म्हणत्यात, त्याला सांग, क्लचवरचा पाय काढ. निघाल्यापासनं तितंच ठेवलाय."

मी खाली पाहिलं. खरंच, घाबरून मी डावा पाय सबंध वाटभर पेडलवर टेकून बसलो होतो. अर्धवट दाबलेला क्लच घासून घासून तापला होता. आडव्या पडलेल्या अक्काला माझा पाय दिसणं शक्य नव्हतं, आणि क्लच म्हणजे काय हेही तिला ठाऊक नव्हतं.

मी घाईनं गिअर टाकायला गेलो.

"थांब. निवू दे म्हणत्यात."

थांबायचं? तिच्या अंगात विष भिनत असताना? पण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. इंजिन बंद करून मी हात जोडले. त्या शांततेत मागचा बाक करकरला, जणू कुणी सावरून बसलं. मी डोळे उघडले नाहीत.

"चल आता," अक्का म्हणाली.

पाय फळीवर सपाट ठेवला. जीपनं चढ ओढला. बारामती येईपर्यंत मागं अक्का कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं देत होती. घरच्या विहिरीचं, आईच्या हातच्या हुलग्याच्या माडग्याचं सांगत होती. आरशात पाहायची माझी छाती झाली नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला तपासलं. "बोलणं कधी बंद पडलं?"

"आत्ता दारापर्यंत बोलत होती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "अहो, जीभ कधीच लुळी पडलीय. श्वाससुद्धा जेमतेम चाललाय." मग लस, नळ्या, धावपळ. मी बाहेर भिंतीला टेकून उभा होतो.

अक्का वाचली. घशातली नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात तिनं पहिलं हेच विचारलं, "आबांना पाणी तरी दिलंस का रं?"

मला रडू फुटलं. ते आबा कोण, हे मी कधी शोधलं नाही. ती म्हणते, चेहरा ओळखीचा नव्हता, आवाज मात्र घरातला वाटला. त्या चढावर माझी अक्कल संपली, तिथं कुणीतरी आम्हा दोघांचा भार उचलला. अजूनही काही अडलं की मी आधी धडपडतोच, स्वभाव जात नाही. पण मग मुकाट थांबतो, आणि आपण एकटे नाही असं वाटू लागतं.